नग एक

तीमथ्या,
तुझा फोन मधेच तुटला
तेव्हा मी पावती-पुस्तकात कार्बन सरकवत होते,
अर्धंच ऐकलं.
एवढं कळलं की तिकडे पगार हाती यायच्या आधीच
सरकार चर्चचा वाटा कापून घेतं,
करावर शेकडा आठ,
आणि तुझ्या वॉर्डातल्या सोबतिणीने नाव काढून टाकलं:
एक फॉर्म, एक सही, थोडी फी.
मीही काढू का, आत्या?

खरं सांगू, आधी मला हेवाच वाटला.
दार ठोठवायचं नाही,
कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही.
इथे शास्त्रात शेकडा दहा,
आणि वहीत घरामागे वीस रुपये,
तेही आतून टीव्हीचा आवाज येत असताना
घरात कोणी नसतं.
शांतवन तायडे फाटकातूनच म्हणतो,
'पुढच्या ऐतवारी देतो नं, बाई.'
त्याचा पुढचा ऐतवार
दोन हजार चौदापासून यायचा आहे.

मार्थाबाई ज्वारी देतात.
दळणाआधी रोज एक मूठ
डालड्याच्या जुन्या डब्यात.
यंदा डबा भरला नाही.
बोटं वाकलीत त्यांची, मूठच लहान झाली.
वहीत याला रकाना नाही,
मी वजन लिहिते.

तू विचारलंस, पैसा जातो कुठे.
पाळकसाहेबांचा पगार, दोन हप्त्यांत.
घंटेचा दोर.
कब्रस्तानाचं कुंपण, जे गुरं दर पोळ्याआधी मोडतात.
करोनाच्या साली अठरा घरांना किराणा,
त्यातली अकरा घरं आपल्या मंडळीची नव्हती.
यवतमाळहून हिशेब तपासायला आलेले म्हणाले,
हे कोणत्या शीर्षकाखाली?
मी लिहिलं होतं 'शेजार'.
त्यांनी खोडून 'इतर' केलं.
खोडलेलं अजून वाचता येतं.

आणि परवा हंगामाचा सण झाला.
वेदीपुढे कोहळं, तुरीच्या ओल्या शेंगा,
पाय बांधलेली कोंबडी, जी प्रार्थनेत ओरडली,
आणि कोणीतरी ठेवलेलं एक अंडं.
तुला आठवतं ना, अंड्याचा लिलाव कसा होतो?
घेणारा पैसे देतो, अंडं परत ठेवतो,
पुन्हा बोली.
मागच्या बाकावर गोवर्धन गावंडे,
देवळाच्या आळीतले,
दरवर्षी येतात, चपला हातात धरून बसतात.
वीस त्यांनीच सुरू केले.

दोनशे साठ झाले
आणि अंडं फिरवणाऱ्या पोट्ट्याच्या हातून ते पडलं.
फरशीवर पिवळं.
पोरगं रडायच्या बेतात, पाळकसाहेब गप्प,
कोंबडीसुद्धा गप्प.
मार्थाबाई बसल्या जागेवरून,
'बोली कितीवर होती रे?'
'दोनशे साठ.'
'मंग थांबला काहून?'

गावंडे म्हणाले, सत्तर.
कोणीतरी तीनशे.
फडकं आणेपर्यंत साडेतीनशे.
फरशी पुसून झाली, मुंग्या लागल्या,
आणि ज्याचं टरफलसुद्धा उरलं नव्हतं
ते चारशे दहाला गेलं.
विजेचं बिल तीनशे नव्वद होतं.

तिकडे हे कसं करतील, मला ठाऊक नाही.
कापून घेतलेल्यातही कोणाचा दवाखाना चालत असेल,
कोणा म्हातारीला दोन वेळचं मिळत असेल;
आपोआप गेलेला पैसा काही खोटा नसतो.
नाव काढायचं तर काढ, मी रागावणार नाही.
फक्त मला कळव,
नाव काढल्यावर तुझ्या दाराशी
कोणी विचारायला आलं का.

हो, शेवटची बोली कोणाची ते राहिलंच.
शांतवन तायडेची.
सगळे हसले, तोही हसला, म्हणाला,
पुढच्या ऐतवारी.

मी पावती लिहून ठेवली आहे:
अंडे, नग एक, रुपये चारशे दहा.
कार्बनची प्रत जरा फिकट उमटली.
आज शुक्रवार.

तुझी
सुनंदा आत्या